मांगूर पाळावा तर सांगलीतच

हॉलच्या ईशान्येला फिश टँक ठेवा, त्यात आठ सोनेरी आणि एक काळा मासा सोडा, म्हणजे घरात पैसा टिकतो, हे तुम्हाला वास्तूवाल्यांनी सांगितलेलंच असणार. सोनेरी मासे काय, कुठंही मिळतात. काळ्याच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नका. ब्लॅक मॉली सगळेच आणतात. तुम्ही आफ्रिकन मांगूर आणा, म्हणजे आफ्रिकेतला कॅटफिश.

पिल्लू बोटाएवढं असतं. तोंडाभोवती आठ मिशा, चपटं डोकं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गोंडस वळवळ. केवढा होईल हा, असं विचारलंत तर दुकानदार सांगेल, "टाकीच्या मापातच वाढतंय ओ ते, काय टेन्शन घेऊ नका." विश्वास ठेवा. आफ्रिकेत नाईलपासून ऑरेंज नदीपर्यंत हाच मासा पाच फुटांच्या वर जातो, साठ किलोही भरतो. पण तिथल्या नद्यांना काच नसते, म्हणून वाढत असेल बिचारा.

दिवसभर तो ऑक्सिजनच्या बुडबुड्यांनी उघडझाप करणाऱ्या त्या खजिन्याच्या पेटीमागं पडून राहील. लाजाळू आहे, असं पाहुण्यांना सांगा. लाइट गेले की तो कामाला लागतो. सकाळी आठाचे सात झालेले असतील, परवा सहा. मेलेला मासा शोधत बसू नका. हा पुरावा मागं ठेवत नाही, जबडा उघडतो आणि अख्खा आत ओढतो. घाबरण्यासारखं काही नाही. घरातला मासा गेला की घरावरची पीडा घेऊन जातो, हेही त्याच वास्तूवाल्यांचं शास्त्र. आठवड्याभरात आठ पीडा गेल्या, आणखी काय पाहिजे?

पुढं खाण्याचा प्रश्न येतो, तो कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडं सुटतो. आतडी, कातडी, जे उरेल ते. मांगूरच्या तळ्यांवर हेच टाकतात, त्यामुळं तुम्ही काही वावगं करत नाही. वासाला उदबत्ती आहे. पाणी कितीही घाण झालं तरी मासा मरणार नाही, कारण त्याच्या कल्ल्यांच्या वर हवेत श्वास घ्यायचा वेगळा अवयव असतो. एअर पंपाचं लाइटबिल वाचलं. फक्त टाकी काठोकाठ भरून झाकण गच्च बसवू नका. वर येऊन हवा घेता आली नाही तर तो गुदमरतो, आणि मासा पाण्यात बुडवून मारला हे गल्लीत सांगणार कसं?

झाकण सैल ठेवलंत तर तो रात्री फिरायला निघेल. छातीच्या परांमधले काटे टेकत, ओल्या फरशीवरून, थेट मोरीपर्यंत. पहाटे पूजेच्या पाण्याला उठलेल्या आजींना आधी कल्पना दिलेली बरी. उचलायला जाल तर अंगावर खवले नाहीत, नुसता बुळबुळीतपणा. आणि जिथं पकड मिळेल तिथं नेमका काटा. झाकणावर पाटा ठेवा. मिक्सर आल्यापासून तो रिकामाच आहे.

पाहुण्यांसमोर मात्र इतिहास सांगायचा. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये नार्मेर नावाचा राजा होऊन गेला, त्याचं नाव लिहिताना चित्रलिपीत कॅटफिशच काढायचे. एवढं सांगितलं की मेव्हणे गप्प बसतात. वासाबद्दलही काही बोलत नाहीत.

वर्षभरात तीन फुटी टाकीत त्याला वळता येईनासं होईल. मग आठ फूट बाय तीन बाय अडीच. साठ घनफूट, म्हणजे सतराशे लिटर. नुसतं पाणीच पावणेदोन टनांच्या घरात. सोसायटीचे सेक्रेटरी स्लॅबकडं बघतील, मग तुमच्याकडं, आणि टाकी खाली पार्किंगमध्ये हलवायला लावतील. हलवा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला खरा आनंद इथूनच सुरू होतो.

तोवर कुणीतरी पेपरचं कात्रण आणून दाखवेल, की या माशाच्या पालनावर बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये साठे नष्ट करायला सांगितले, उजनीच्या काठची तळी उद्ध्वस्त केली. हा देशी मागूर आहे, असं ठोकून द्या. देशी मागूर हल्ली इतका कमी दिसतो की फरक सांगणारा माणूस चटकन सापडणार नाही.

दुकानदार परत घेणार नाही. कापून खावा, तर पोरांनी एव्हाना त्याचं नाव ठेवलेलं असतं. उरतो सरकारी घाट. अंधार पडल्यावर बादली घेऊन जायचं, मुक्या जिवाला कृष्णामाईच्या ओटीत घातलं म्हणून नमस्कार करायचा आणि यायचं. मळीच्या पाण्यात आधीच तडफडणाऱ्या नदीत हा मजेत जगेल. रोहूची पिल्लं खाईल, मरळीची खाईल, आणि एक दिवस हरिपूरच्या भोयांचं जाळं फाडून पुढं जाईल. त्यांनी तुमचं नाव विचारायचं काही कारण नाही.

बादलीचाही कंटाळा असेल आणि राहायला गावभागात किंवा शामरावनगरात असाल, तर काहीच करू नका. ऑगस्ट येऊ द्या. आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याला 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तुम्ही गाद्या, टीव्ही, धान्याचे डबे वर चढवाल, पावणेदोन टन कोण चढवतंय? आणि पुराचं पाणी काठावर पसरलं की रात्री उथळ पाण्यात जाऊन हजारोंनी अंडी घालायची, ही तर त्याच्या मूळ मुलखातली रीतच. त्याला तिकडं न्यायची गरज नाही, नदी स्वतः पार्किंगमध्ये येते.

पाणी ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतील. फ्रिज सांगा, सोफा सांगा, दुचाकी सांगा. टाकी सांगितलीत तरी चालेल. आत काय होतं, असं विचारलं तर म्हणा, आठ सोनेरी मासे.