पश्चात्ताप करावा तर व्हिक्टरसारखा

आयुष्यात काहीतरी अचाट करून दाखवायचंय आणि पुढे त्याचा पश्चात्तापही थाटात करायचाय? मग गुरू एकच करा. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन, राहणार जिनिव्हा, शिक्षण इंगोलश्टाट विद्यापीठ. मेरी शेलीने 1818 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही त्याची कादंबरी छापून आणली तेव्हा पुस्तकावर तिचं नावही नव्हतं. आणि हो, फ्रँकेन्स्टाइन हा तो राक्षस नव्हे, त्याला घडवणारा. राक्षसाला नाव द्यायला साहेबांना सवड झाली नाही. पुढे नावं मात्र भरपूर ठेवली.

आधी महत्त्वाकांक्षेचं बघू. ती उदात्तच हवी. आपण घडवलेली नवी प्रजाती जन्मदाता म्हणून आपले उपकार स्मरेल, असं स्वप्न बघा. त्यापायी घरी पत्र पाठवणं बंद पडलं तरी चालेल, थोरांचं तसंच असतं. बारीक अवयव जुळवत बसलो तर वेळ फार जाईल, म्हणून व्हिक्टरने माणूसच आठ फुटी करायला घेतला. पुढे त्या आठ फुटांनिशी जगायचं कुणाला, हा प्रश्न त्याने मनाला शिवू दिला नाही. तुम्हीही देऊ नका.

जवळपास दोन वर्षं खपून नोव्हेंबरच्या एका रात्री ते पिवळट डोळे उघडले, की लगेच काय करायचं? झोपायला जायचं. मध्यरात्री तो जीव पलंगाचा पडदा सारून, काहीतरी पुटपुटत, हसू आणून हात पुढे करील. तान्हं मूलही याहून वेगळं काय करतं? पण तुम्ही मात्र जिना उतरून पळायचं. सकाळी मित्राला घेऊन परत आलात आणि खोली रिकामी दिसली, तर आनंदाने टाळ्या वाजवायच्या. व्हिक्टरने खरोखरच वाजवल्या.

आता मुख्य विषय. पश्चात्तापाला बोलकं होऊ देऊ नका, विशेषतः कोर्टात. व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा, विल्यमचा, खून झाला आणि आळ आला घरातल्या जस्टिनवर. तिच्या खिशात विल्यमच्या गळ्यातलं आईचं छोटं चित्र सापडलं होतं. खुनी आपणच घडवलेला तो राक्षस, हे व्हिक्टर मनोमन जाणून होता. पण बोलावं तर लोक वेडा म्हणतील! पाद्रीबाबांनी नरकाची भीती घालून त्या बिचारीकडून खोटा कबुलीजबाब घेतला, ती फासावर गेली आणि आपला नायक गॅलरीतून स्वतःचं काळीज कुरतडत राहिला. त्याचा हिशेब तर वहीत उतरवून ठेवावा असा आहे: जस्टिनपेक्षा जास्त यातना मलाच, कारण तिला निदान निर्दोष असल्याचा आधार तरी होता. फाशी जाणारीवरही दुःखात मात करायची, याला साधना लागते.

यानंतर हवापालट. पश्चात्तापाला निसर्गरम्य जागा मानवते. रात्री घरचे झोपले की तळ्यात होडी सोडून द्यावी, कंटाळा आला की शामोनीच्या डोंगरात जावं. तिथे तो राक्षस भेटला आणि प्लुटार्क-मिल्टन वाचून कमावलेल्या शुद्ध भाषेत एक जोडीदारीण मागू लागला, तर आधी हो म्हणावं, अर्धी घडवावी, मग त्याच्या डोळ्यांदेखत तिच्या चिंध्या कराव्यात. ‘तुझ्या लग्नाच्या रात्री येईन’ अशी धमकी आली तर तो आपल्यालाच मारायला येणार हे गृहीत धरून पिस्तुलं घ्यावीत आणि बायकोला एकटीला खोलीत पाठवावं. धोका म्हटला की तो आपल्यालाच!

शेवटी श्रोता नीट निवडा. ध्रुवाकडे निघालेला कॅप्टन वॉल्टन उत्तम. तो सगळं टिपून बहिणीला कळवतो. त्याच्या टिपणांत दुरुस्त्या स्वतः करा, पुढच्या पिढ्यांच्या हाती मोडकातोडका मजकूर पडता कामा नये. अतिमहत्त्वाकांक्षेने माझी कशी राखरांगोळी झाली हे त्याला पटवून द्या. मग जहाज बर्फात अडकलं आणि खलाशी परत चला म्हणू लागले, की आजारी अंगाने उठून त्यांनाच झापा: मर्द व्हा, पाठ दाखवून घरी काय जाता! मरताना सांगा की मागचं सगळं वागणं तपासून पाहिलं, दोष काही सापडला नाही. महत्त्वाकांक्षा टाळा, असंही सांगा आणि त्याच दमात जोडा, की मला नाही जमलं, पण दुसऱ्या कुणाला जमेलही.

जहाज तोवर दक्षिणेकडे वळलेलं असेल. खलाशी अडाणी, त्यांना घरी जायचं होतं.