‘ढोंग’ या शब्दाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

पापाच्या सत्तेपासून मिळणाऱ्या मुक्तीविषयी मी लिहिलेल्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायातील 14वे वचन मी चुकून 8व्या अध्यायात घातले होते. ती चूक आपण दाखवली, मी दुरुस्त केली, आभारी आहे. परंतु तेवढ्यासाठी ‘पोपटपंची’ आणि ‘बायबल न उघडणारे उपदेशक’ असे शब्द वापरण्याची काय गरज होती? ज्याला आपण कधी भेटला नाहीत, तो माणूस पहाटे उठून काय उघडतो, हे आपल्याला कसे ठाऊक?

आपले मुख्य वाक्य असे आहे : “ख्रिस्ताने पापातून सोडवले म्हणता आणि तरीही पाप करता, तर हे सरळसरळ ढोंग आहे.”

ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल 6व्या अध्यायात धनी आणि दास यांच्या भाषेत बोलतो. पाप मेले असे तो म्हणत नाही. तुम्ही पापाला मेलेले आहात असे माना, असे म्हणतो. हा फरक मला पुस्तकाआधी वावरात कळला. माझे वडील सालगडी होते. पाडव्याला साल संपायचे, हिशेब व्हायचा आणि पटले नाही तर गडी दुसरा धनी पाहायचा. मी आठ वर्षांचा असताना वडिलांनी जुने घर सोडून दुसरीकडे साल धरले. त्यानंतर महिनाभराने आम्ही धुऱ्यावरून चाललो असताना जुन्या धन्याने लांबून हाक मारली, नुसती नावाने. वडिलांच्या हातातली बैल हाकायची तुतारी खाली आली, डोक्याचा दुपट्टा सुटून हातात आला आणि पाय तिकडे वळले. चार पावले गेल्यावर ते थांबले, दुपट्टा पुन्हा बांधला आणि नव्या धन्याच्या वावराकडे चालू लागले. जुन्या धन्याचा हक्क संपला होता, हाकेची सवय तेवढी उरली होती. ती चार पावले ढोंग होती काय?

आता माझे स्वतःचे. मी अकरा वर्षे दारू प्यायलो. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये दारूबंदी झाली, तरी मी पीत राहिलो, कारण चोरून मिळत होती. म्हणून नियमशास्त्र, म्हणजे मोशेद्वारे दिलेल्या देवाच्या आज्ञा, पाप ओळखायला लावते पण त्यातून सोडवत नाही, हे पौलाचे म्हणणे मला कोणी समजावून द्यावे लागले नाही. 2018 मध्ये माझी दारू सुटली, आणि ती ख्रिस्ताच्या कृपेने सुटली असे मी म्हणतो, कारण माझ्या निश्चयाने ती त्याआधी कित्येकदा सुटून पुन्हा लागली होती. 2021 मध्ये बंदी उठली आणि बाजाराच्या रस्त्यावरचे दुकान उघडले, तेव्हा त्या दारापाशी माझी सायकल आपोआप हळू व्हायची. मी उतरलो नाही. राग मात्र अजून येतो, आणि आला की मी तो देवाजवळ आणि घरच्यांजवळ कबूल करतो. ढोंगी माणूस लपवतो, महोदय, कबूल करत नाही. एवढे तरी आपल्याला कळायला हवे होते.

त्याच पत्राच्या 7व्या अध्यायातला, नको तेच करून बसणारा ‘मी’ म्हणजे विश्वासणारा पौल की नियमशास्त्राखालचा माणूस, यावर आपण लिहिलेल्या सहा परिच्छेदांत मी शिरत नाही. त्याविषयी ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताचेच मत त्याच्या हयातीत बदलले होते, आणि तो वाद इथे मिटणारा नाही. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, भांडणांविषयीचे आपले शेवटचे वाक्य तर उत्तराच्या योग्यतेचेच नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. ‘ढोंग’ हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.