रिफायनरी मुंबईत, मग डिझेल महाग कसं? परभणीच्या मामांना उत्तर

गेले काही महिने डिझेलवरचा एक फॉरवर्ड फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला, त्यातला एक परभणीच्या मामांकडून, "हे खरं आहे का रे?" असं विचारत. मजकूर थोडक्यात असा: मुंबईत दोन रिफायनऱ्या असूनही तिथं डिझेल दिल्लीपेक्षा महाग, म्हणजे अंतराचं कारण थोतांड आहे. पंपवाले गावोगावी मनाला येईल तो भाव लावतात. केंद्राचा टॅक्स प्रत्येक राज्यात वेगळा आहे. जीएसटी लागला की काश्मीर ते कन्याकुमारी एकच भाव.

मामा, एकेक घेऊ.

आधी रिफायनरी. मुंबईत माहुलला बीपीसीएल आणि एचपीसीएल या सरकारी तेल कंपन्यांच्या रिफायनऱ्या आहेत, हे खरं. पण रिफायनरी म्हणजे काही गुऱ्हाळ नव्हे, की दारात गेलं की रस स्वस्त. डिझेल रिफायनरीतून बाहेर पडतं ते आंतरराष्ट्रीय बाजाराला बांधलेल्या भावानं. 2006 साली त्यासाठी सूत्रच ठरलं होतं: 80 टक्के वजन आयातीच्या भावाला, 20 टक्के निर्यातीच्या. शेजारी राहिल्याचा फायदा होतो तो फक्त वाहतुकीचा, आणि तो करापुढे सहज बुडतो.

दिल्लीचंच बघा. मे 2020 मध्ये दिल्ली सरकारनं डिझेलवरचा व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीकर, 16.75 टक्क्यांवरून 30 टक्के केला. जूनमध्ये तिथं डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं, जे आधी कधी घडलं नव्हतं. जुलैच्या शेवटी व्हॅट पुन्हा 16.75 वर आणला आणि एका रात्रीत 82 रुपयांचं डिझेल 73 रुपये 64 पैशांवर आलं. त्या रात्री दिल्लीच्या जवळ कुठली रिफायनरी सरकली नव्हती.

आणि दिल्ली कशाला, आपलं पुणं घ्या. जून 2024 पर्यंत पुण्यात डिझेल मुंबईपेक्षा स्वस्त होतं, आणि ते पुण्यात येतं मुंबईहूनच, पाइपलाइनमधून लोणीच्या डेपोत! कारण एवढंच, की मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत व्हॅट 24 टक्के होता आणि उरलेल्या राज्यात 21. 2024 च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी तिथलाही दर 21 वर आणला. 1 जुलैपासून मुंबईचं डिझेल 92 रुपये 15 पैशांवरून 90 च्या आसपास उतरलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला मुंबई महाग दिसली ती बरोबर दिसली, कारण मात्र त्यानं भलतंच जोडलं. अंदमानचं उदाहरण तर त्याला झोपू देणार नाही: समुद्रापार, रिफायनरी नाही, आणि देशातलं सगळ्यात स्वस्त डिझेल बरीच वर्षं तिथं मिळत आलंय. तिथला व्हॅट 1 टक्का.

आता सीमेवर चला, कारण या विषयाची खरी गंमत तिथं आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये कर्नाटकानं डिझेलवरचा विक्रीकर 24 टक्क्यांवरून 14.34 वर आणला. त्यानंतर कोल्हापूरकडून बंगळुरूला जाणारा कुठलाही शहाणा ड्रायव्हर कागलला टाकी भरत नव्हता. कोगनोळीचा टोलनाका ओलांडायचा, निपाणीकडच्या पंपावर फुल्ल करायची. लिटरमागे पाच-सहा रुपये वाचले आणि टाकी 300 लिटरची असली तरी एका खेपेला दीड हजार ते अठराशे रुपये सुटायचे. सीमेअलीकडच्या पंपवाल्यांनी किती हात चोळले असतील ते त्यांनाच माहीत. मग जून 2024 मध्ये कर्नाटकानं दर 18.44 केला आणि 1 एप्रिल 2025 पासून 21.17. बंगळुरूचं डिझेल साधारण 86 वरून 91 वर गेलं, म्हणजे मुंबईच्याही वर. रस्ता, डेपो, टँकर, सगळं तेच. हलला तो फक्त टक्का.

मग अंतर थोतांड आहे का? नाही, आणि मामा, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. मुंबईहून पाइपलाइननं डिझेल मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोपर्यंत येतं, तिथून टँकर रस्त्यानं तीनशेहून अधिक किलोमीटर तोडत परभणीला. मुंबई आणि परभणी दोन्हीकडे कर आता सारखाच आहे, त्यामुळे दोघांत जो काही फरक उरतो तो मुख्यतः या टँकरभाड्याचा. वर मेख अशी, की व्हॅट टक्क्यांत आहे आणि भाडं आधीच मूळ किमतीत मिसळलेलं असतं. म्हणजे भाड्याचा एक रुपया तुमच्या पंपावर 1 रुपया 21 पैसे होऊन पडतो. लांब राहता म्हणून जास्त भाडं, आणि जास्त भाडं म्हणून जास्त कर! या एका बाबतीत परभणीकरांची तक्रार मला पूर्ण रास्त वाटते. ऑक्टोबर 2024 मध्ये तेल कंपन्यांनी राज्यांतर्गत भाड्याची फेरमांडणी केली, तेव्हा ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात काही ठिकाणी डिझेल चार रुपयांहून जास्त उतरलं. अंतर थोतांड असतं तर उतरवायला काही उरलंच नसतं.

पंपवाल्याबद्दल फार लिहीत नाही. सरकारी कंपनीच्या पंपाचा भाव कंपनीकडून येतो. 16 जून 2017 पासून तो रोज बदलू शकतो, सकाळी सहाला. डीलरला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं, अडीच-तीन रुपयांच्या घरातलं. मापात पाप करणारा असू शकतो, भाव ठरवणारा तो नाही. खासगी कंपन्यांचे पंप वेगळा भाव लावू शकतात, पण तोही कंपनीच लावते.

कंपन्यांनी भावात मोठी दरी पाडल्याचं उदाहरण हवंच असेल तर ते मार्च 2022 चं. तेव्हा घाऊक ग्राहकांचं, म्हणजे थेट कंपनीकडून मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांचं, डिझेल मुंबईत 122 रुपये 5 पैसे झालं आणि पंपावर तेच 94 रुपये 14 पैशांना मिळत होतं. एसटीच्या गाड्या स्वतःचा डेपो सोडून बाहेरच्या पंपावर रांगेत लागल्या. मच्छिमार सोसायट्यांची गत वाईट झाली, कारण त्यांनाही घाऊक ग्राहकच धरलं होतं. फॉरवर्डमध्ये यातलं एक अक्षर नाही.

केंद्राचा टॅक्स राज्याराज्यात वेगळा, हे तर साफ चूक. उत्पादन शुल्क लिटरमागे रुपयांत असतं आणि देशभर एकच: मे 2020 मध्ये 31 रुपये 83 पैसे, मे 2022 मध्ये 15 रुपये 80 पैसे, एप्रिल 2025 मध्ये 17 रुपये 80 पैसे. त्यामुळे दोन गावांत फरक पडत नाही. पण राज्याचा टक्का हे शुल्क धरून लागतो, म्हणजे करावर कर. केंद्रानं शुल्क वाढवलं की दर न वाढवता राज्याचाही गल्ला वाढतो. आणि दोन्हीकडचे पुढारी एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

राहिला जीएसटी. डिझेल त्यात आणायचं तर तारीख जीएसटी परिषदेनं सुचवायची आहे. सप्टेंबर 2021 मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि आत्ता वेळ नाही म्हणून मिटला. समजा उद्या आला. राज्याराज्यांतला टक्क्यांचा फरक जाईल, तो मोठा आहे, गेला तर बरंच. टँकरचं भाडं मात्र जाणार नाही. मामींना स्वयंपाकघरातल्या सिलिंडरची पावती दाखवायला सांगा. त्यावर जीएसटीच आहे, देशभर 5 टक्के, आणि तरी तोच सिलिंडर पाटण्यात मुंबईपेक्षा महाग मिळतो.