‘शिकाऊ डॉक्टरांना कसल्या सवलती?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: सरकारी रुग्णालयातले रेसिडेंट म्हणजे निवासी डॉक्टर (एमबीबीएस होऊन पुढचं पदव्युत्तर शिक्षण घेणारे) हे शिकाऊ विद्यार्थी, तरी त्यांना लाखभर पगार, राहणं-खाणं फुकट, वर सुट्ट्या, आणि एवढं असून पैशासाठी ऊठसूट संप. मी मराठवाड्यातल्याच एका सरकारी रुग्णालयात रेसिडेन्सी केली आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत माझे नातेवाईकही आहेत, म्हणून नीट उत्तर देतो.

‘ते विद्यार्थी आहेत, कर्मचारी नाहीत.’ फी भरतात, थीसिस लिहितात, परीक्षा देतात, इथवर खरं. पण घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, रात्री दोन वाजता जालन्याहून किंवा बुलढाण्याहून रेफर झालेला पेशंट उतरवला, की त्याला पहिला हात लावणारा बहुतेक वेळा हाच विद्यार्थी असतो. आमच्या वॉर्डात रात्रपाळीला मामा-मावशी, म्हणजे वॉर्डातले मदतनीस, एखादेच असायचे. रक्त काढा, बल्बवर (रक्ताच्या नमुन्याच्या बाटलीवर) नाव लिहा, ते बल्ब स्वतः लॅबमध्ये नेऊन द्या, नातेवाइकाला सोबत घेऊन ट्रॉली सीटी स्कॅनपर्यंत ढकला, मध्येच जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी रेशनकार्डाची झेरॉक्स मागत फिरा. यातलं शिक्षण किती आणि रुग्णालय चालवणं किती, हे वाचणाऱ्यानेच ठरवावं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३च्या पदव्युत्तर नियमावलीत तर स्पष्टच लिहिलंय की हे विद्यार्थी पूर्णवेळ निवासी डॉक्टर म्हणून काम करतील. काम कर्मचाऱ्याचं घ्यायचं आणि हक्काचा विषय निघाला की विद्यार्थी म्हणायचं, माझा सगळा आक्षेप याला आहे.

‘लाखभर पगार.’ रक्कम बरी आहे, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यात १०,००० रुपयांची वाढ मंजूर केली, हे मान्य. पण तो पगार नाही, विद्यावेतन आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही आणि सरकारही आपला वाटा भरत नाही. ग्रॅच्युइटी नाही, निवृत्तिवेतनाचं खातं नाही. त्याच रुग्णालयात बाविसाव्या वर्षी कायम लागलेल्या क्लार्कच्या नावावर पहिल्या महिन्यापासून निवृत्तीची रक्कम साठत जाते. ती त्याला मिळायलाच हवी. डॉक्टरची मात्र साडेपाच वर्षं एमबीबीएसची आणि पुढची तीन रेसिडेन्सीची. तिशी जवळ येते तेव्हा त्या खात्यात शून्य. वर सरकारी जागेवर शिकलेल्याला एक वर्षाचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, तो मोडला तर पदव्युत्तरसाठी ५० लाख रुपये दंड. विद्यावेतन थकलं तर मात्र कुणालाच दंड नाही. आमचं थकायचं तेव्हा घरून पैसे मागवायचो, आणि ज्यांच्या घरी सोयाबीनचे पैसेच आले नव्हते ते मित्राकडे हात पसरायचे.

‘राहणं-खाणं फुकट.’ मेसचं बिल खिशातून जातं. राहण्याची सोय करणं कॉलेजवर नियमानेच बंधनकारक आहे, ती मेहेरबानी नव्हे.

‘सुट्ट्या.’ वर्षाला २० दिवसांची पगारी रजा आणि आठवड्याला एक सुट्टी, असं २०२३ची नियमावली म्हणते. युनिटमध्ये माणसंच कमी असली की ती साप्ताहिक सुट्टी आधी उडते. कामाच्या तासांचं तर आणखी विचित्र आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून १९९२मध्येच सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी सहसा नको, आठवड्याला ४८ तास, असं सांगून ठेवलंय. एवढ्या वर्षांनी आलेल्या नव्या नियमावलीत तास ‘वाजवी’ असावेत एवढंच आहे, आकडाच नाही! इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी वॉर्डात शिरलेला फर्स्ट इयर दुसऱ्या दिवशीची ओपीडी उरकून बाहेर पडतो. त्याच्या हातात आपल्याच आईबापाची सलाइन असते, म्हणून हा प्रश्न निव्वळ डॉक्टरांचा नाही.

आजारपणाचं आणि बाळंतपणाचं मेसेजमध्ये काहीच नाही. टीबीच्या वॉर्डात काम करणाऱ्याला टीबी होऊ शकतो, आणि साध्या टीबीचा उपचारसुद्धा सहा महिने चालतो. २० दिवसांत तो कुठे बसवायचा? माझ्याबरोबरची एक मुलगी आठवा महिना लागला तरी नाइट करत होती. नियमाने मॅटर्निटी लीव्ह आहे, ती नाकारली नव्हती. पण परीक्षेला बसायचं तर ८० टक्के हजेरी लागते. रजा लांबली की कोर्स पुढे सरकतो, बॅचमेट पास होऊन जातात. म्हणून ती पोटाला हात लावून राउंड घ्यायची आणि मधेच पेशंटच्या खाटेच्या कडेला टेकायची. कायद्याने २०१७पासून नोकरदार बाईला २६ आठवडे मिळतात. रेसिडेंट बाईला ती रजा परीक्षा न गमावता घेता यावी, एवढंच मागणं आहे.

‘पैशासाठी संप.’ २ जानेवारी २०२३ला मार्डने, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या राज्यातल्या संघटनेने, राज्यभर संप केला तेव्हा मुख्य मागणी होती वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदं निर्माण करण्याची. त्यासोबत वसतिगृहांची दुरवस्था आणि प्राध्यापकांच्या रिक्त जागा. पदं भरली तर रुग्णालयाला डॉक्टर मिळतात. त्यातून रेसिडेंटच्या खिशात एक रुपया जास्त पडत नाही. संपाचा त्रास गरीब पेशंटला होतो हे मी नाकारत नाही. कन्नडहून एसटीने आलेल्या म्हाताऱ्याची ओपीडी बंद दिसली तर त्याचा दिवस आणि भाडं दोन्ही वाया जातं. पण त्या मागण्यांची निवेदनं संपाच्या कितीतरी आधी मंत्रालयात गेलेली असतात, आणि तेव्हा हा मेसेज लिहिणारं कुणी त्यांच्या बाजूने बोलत नाही.