खोतानू, कधी इलात?

गेल्या आठवड्यापासून आमच्या गावात मला खोत म्हणतात. ज्या खोतीविरुद्ध, म्हणजे कोकणातल्या जमीनदारीविरुद्ध, डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले आणि जी पुढे १९४९च्या कायद्याने गेली, ती मला एका रात्रीत, कोणताही अर्ज न करता बहाल झाली आहे. वाण्याकडे काडेपेटी मागायला गेलो, तर तो आतूनच "काय खोतानू, कधी इलात?" असे विचारतो. मी दहा दिवसांपासून गावातच आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते.

याला कारण एक चित्रपट आहे. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत मे महिन्यात सार्वजनिक सत्यनारायण असतो. यंदा रात्रीच्या दशावतारासाठी मंडळाकडे पैसे पुरले नाहीत, म्हणून देवळासमोर पांढरे कापड बांधून त्यावर ‘नारबाची वाडी’ दाखवावा असे ठरले. आदित्य सरपोतदार यांचा हा २०१३ सालचा चित्रपट मी पूर्वी मुंबईत दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा पोट धरून हसलो होतो. नारबा हा कोकणातला जख्ख म्हातारा, त्याचा आपल्या झाडांच्या वाडीवर जीव, आणि खोताचा त्याच वाडीवर डोळा. खोत त्याच्याशी करार करतो की, तू जिवंत असेपर्यंत दरमहा पैसे मी देईन, तुझ्यामागे वाडी माझी. म्हातारा काही जात नाही, उलट टवटवीत होत जातो, आणि खोताचा जीव मात्र टांगणीला लागतो. दिलीप प्रभावळकरांचा नारबा आणि मनोज जोशींचा खोत कोणाला आवडत नाहीत, असा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मीच तो होईन, हे ध्यानीमनी नव्हते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर अण्णा बसले होते. अण्णा हे माझे सख्खे चुलते, वय वर्षे ८७, मूलबाळ नाही. सामाईक घरात आणि त्याभोवतीच्या माडांच्या वाडीत ते एकटे राहतात, आणि मी त्यांना दरमहा पाच हजार रुपये पाठवतो. हे वाक्य लिहितानाच मला आता घाम फुटतो. त्या रात्री मात्र मी अत्यंत निष्पाप मनाने भेळ खात होतो.

"ह्यो गांधी मा रे? मुन्नाभाईतलो?" अण्णांनी सुरुवातीलाच विचारले. मी होय म्हटले. गांधीजींचा माणूस म्हटल्यावर अण्णांनी नारबाचा पक्ष घेतला तो कायमचा. लोक हसत होते तिथे ते हसत नव्हते. कोर्टात दुसऱ्याचा खटला ऐकणारा पक्षकार जसा पुढे झुकून बसतो, तसे ते बसले होते. कराराची गोष्ट आली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि देवळाच्या पायरीपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारले, "कागद रजिस्टर केल्यान की नाय? साक्षीदार कोण?" मी म्हटले, "अण्णा, सिनेमा आहे." ते म्हणाले, "सिनेमा आसलो म्हणान काय झाला? कागद तो कागद."

मग थोडा वेळ ते गप्प बसले. ती शांतता मला आवडायला नको होती.

"झिला, तू माका म्हयन्याक किती धाडतंस?"

मी हळूच आकडा सांगितला. अण्णांना ऐकू कमी येते, त्यामुळे तो त्यांनी मोठ्याने उच्चारून खात्री करून घेतली आणि आता तो संपूर्ण वाडीला तोंडपाठ आहे. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मान वळवून आधी पडद्यावरच्या खोताकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. डोंबिवलीहून आलेला माझा चुलतभाऊ ओरडला, "दादा, तुझी एन्ट्री झाली बघ!" आणि त्या रात्रीचा सर्वांत मोठा हशा प्रभावळकरांना नव्हे, तर मला मिळाला.

तिथून पुढे पडद्याकडे कोणाचेच नीट लक्ष नव्हते. नारबाची तब्येत सुधारू लागली, तसे अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंस? औषध लागाक नाय. पैसो वेळेर इलो की माणूस आपसूक बरो होता." आणि मग, अगदी सहज, पानाला चुना लावावा तसे: "गेल्या पावसात माका ताप इल्लो तेव्हा तू भायर माड मोजी होतंस मा?"

मी माड मोजत होतो, हे खरे आहे. नारळ पाडप्याला झाडामागे पैसे द्यावे लागतात, ते मीच देतो, म्हणून मोजत होतो. त्यातला एक माड अंगणात गाडी उभी करण्याच्या आड येतो, असे माझ्या मनात येऊन गेले, हेही खरे आहे. पण ते मनात आले होते. ते अण्णांनी खिडकीतून कसे पाहिले, हे मला कळलेले नाही.

आता थोडे गाऱ्हाणे. आमच्या सातबाऱ्यावर १९ नावे आहेत, त्यांतली पाच माणसे हयात नाहीत आणि तिघांना आपले नाव तिथे आहे हे माहीत नाही. घरपट्टी मी भरतो. दरवर्षी कौले परततो, माकडांनी फोडलेली त्यांच्या जागी नवी आणतो. अण्णांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा डोंबिवलीकरांनी फोनवर "काळजी घ्या" असे सांगितले आणि विरारकरांनी अंगठा पाठवला. मात्र आंब्याच्या पेट्या भरायच्या वेळी हीच मंडळी ‘आमचा हिस्सा’ हा शब्द किती सुस्पष्ट उच्चारतात! ज्यांनी आजवर एक कौल विकत घेतले नाही, ते चित्रपट पाहून खोताला हसले, आणि जो पैसे देतो तो खोत ठरला. पैसे न देणाऱ्या हिस्सेदारावर कोणी चित्रपट काढत नाही, कारण तो कधी कथेतच येत नाही.

बायकोला मात्र चित्रपट विनोदी वाटलाच नाही. म्हाताऱ्याचा झाडांवरचा जीव पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि घरी येताना तिने मला विचारले, "खरंच मोजत होतास?" मुलाला कोणी तरी सांगितले होते की ‘मुंज्या’वाल्या दिग्दर्शकाचाच हा चित्रपट आहे, तो प्रत्येक अंधाऱ्या दृश्याला "आता येणार का?" असे विचारत राहिला आणि शेवटी फसवणूक झाल्याच्या भावनेने झोपी गेला. घरातला तेवढा एकच माणूस माझ्या बाजूने होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत मी अण्णांची समजूत घालायला गेलो. म्हटले, ही गोष्ट मुळात आपल्याकडची नाहीच. मनोज मित्र यांच्या ‘साजानो बागान’ या बंगाली नाटकावरून ती घेतली आहे आणि त्यावर तपन सिन्हांनी १९८० साली बंगाली चित्रपटही काढला होता. अण्णांनी विडी विझवली आणि म्हणाले, "म्हणजे थयसरय पुतणे आसत."

इथे मी थांबायला हवे होते. पण शिकलेल्या माणसाला थांबता येत नाही, म्हणून मी त्यांना फ्रान्सच्या झान काल्मां बाईंची हकीकत सांगितली. बाईंनी १९६५ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, आपले घर अशाच बोलीवर एका वकिलाला दिले. वकील महिन्याला अडीच हजार फ्रँक देत राहिला आणि १९९५ साली स्वतःच वारला. पुढचे हप्ते त्याच्या बायकोने भरले. बाई १९९७ साली गेल्या, १२२ वर्षांच्या होऊन. असल्या व्यवहारात घेणाराच बुडतो, तेव्हा मी तो कशाला करीन, असे मला सुचवायचे होते.

"एकशे बावीस?" अण्णांनी दोनदा विचारले. त्यांच्या चेहऱ्यावर, शंभरीला उगाच थांबत होतो की काय, असा भाव होता. मग त्यांनी चहा घेऊन आलेल्या माझ्या बायकोकडे प्रेमाने पाहिले. "आणि घोव गेल्यावर तेची बायल पैशे धाडी होती? बरी बाई."

आज एक तारीख. पैसे पाठवावेत तर मी खोत, न पाठवावेत तर मी डोंबिवलीकर. बराच वेळ मोबाईल हातात धरून बसलो आणि शेवटी पाठवले. पाच मिनिटांत फोन आला. पेन्शनवाले नोव्हेंबरात बँकेला हयातीचा दाखला देतात, त्याच सुरात अण्णा म्हणाले, "पावले. मी बरो आसंय."

मागून वाण्याचा आवाज ऐकू आला, "कोण, खोत काय?"

"व्हय," अण्णा म्हणाले.