चुंबकीय पुनर्जोडणी काल्पनिक नाही

प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू. त्यातील चुंबकीय बलरेषांची जोडणी बदलून चुंबकीय ऊर्जा कणांकडे जाते, या प्रक्रियेला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. चुंबकीय बलरेषा काल्पनिक आहेत, त्यांचे तुटणे-जोडणे मॅक्सवेलच्या नियमांविरुद्ध आहे, खरे काम विद्युतप्रवाहच करतो, प्लाझ्मा भौतिकीचा पाया घालणाऱ्या खुद्द हानेस आल्फवेन यांनी ही कल्पना नाकारली होती आणि ती कोणी पाहिलेलीही नाही, अशा आशयाचा मजकूर सतत फिरत असतो. त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

बलरेषा ही गणिती सोय आहे, हे खरेच. त्या ताणून तुटताना दाखवणारी चलच्चित्रे दिशाभूल करतात आणि त्यांवरील आक्षेप रास्त आहे. परंतु रेषा काल्पनिक असल्या म्हणून त्यांनी दाखवलेला बदल काल्पनिक ठरत नाही. दोन टेकड्यांमधली खिंड भराव पडून उंच होत गेली, तर नकाशावर प्रत्येक टेकडीला स्वतंत्रपणे वेढणारी १०० मीटरची समोच्च रेषा एका क्षणी दोन्ही टेकड्यांना मिळून वेढू लागते. जमिनीवर काहीही तुटलेले नसते, भूरूप मात्र खरोखर बदललेले असते. द्विमितीय क्षेत्रातील बलरेषा अशाच एका फलनाच्या समोच्च रेषा असतात, आणि पुनर्जोडणी त्याच्या खिंडीपाशी, म्हणजे क्षेत्र शून्य होते त्या बिंदूपाशी घडते. तिथे क्षेत्राला दिशाच नसल्यामुळे रेषेचे मोकळे टोक कधीच निर्माण होत नाही. चुंबकीय बलरेषेला मोकळे टोक नसते, हा मॅक्सवेलचा नियम प्रत्येक क्षणी पाळला जातो.

‘चुंबकीय क्षेत्र नव्हे, विद्युतप्रवाह’ ही विभागणी मला सर्वांत घातक वाटते, कारण ती या विषयाचा गाभाच झाकून टाकते. अत्यंत सुवाहक प्लाझ्मा आपले चुंबकीय क्षेत्र सोबत वाहून नेतो. विरुद्ध दिशांची क्षेत्रे असलेले दोन प्लाझ्मा एकमेकांवर दाबले गेले की ती क्षेत्रे एकमेकांत मिसळू शकत नाहीत. मधला प्लाझ्मा दोन्ही कडांनी बाहेर पडतो आणि क्षेत्राची दिशा उलटण्याचे सारे काम एका अरुंद पट्ट्यात होऊ लागते. अँपिअरच्या नियमानुसार क्षेत्र जितक्या कमी अंतरात बदलेल तितकी तिथली प्रवाहघनता वाढते, म्हणून हा पट्टाच विद्युतप्रवाहाचे पातळ पटल बनतो. ते पुरेसे पातळ झाले की विद्युतरोध, किंवा विरळ प्लाझ्मात इलेक्ट्रॉनांचे जडत्व आणि दाब, क्षेत्राची प्लाझ्माशी असलेली बांधणी सैल करतात. प्रवाह आणि पुनर्जोडणी हे प्रतिस्पर्धी खुलासे नाहीत. प्रवाहपटल हे पुनर्जोडणीचे स्थान आहे.

पुनर्जोडणी फार मंद ठरते, हा वेगाचा आक्षेप अधिक गंभीर होता. १९५०च्या दशकात स्वीट आणि पार्कर या वैज्ञानिकांनी मांडलेल्या प्रारूपानुसार सौरज्वालेची ऊर्जा मोकळी होण्यास कित्येक महिने लागले असते, प्रत्यक्षात ती काही मिनिटांत मोकळी होते. ही विसंगती सिद्धांत मानणाऱ्यांनीच उघडपणे मांडली आणि तिच्यावर काम केले. लांब, पातळ प्रवाहपटल स्वतःच अस्थिर असते आणि त्याचे अनेक चुंबकीय बेटांत, म्हणजे बंद बलरेषांच्या तुकड्यांत, विघटन होते, असे पुढे दिसून आले. जिथे कणांच्या टकरी नगण्य असतात, तिथे आयन आणि इलेक्ट्रॉन वेगवेगळे वागू लागल्याने पुनर्जोडणीचा वेग आल्फवेन वेगाच्या (प्लाझ्मात चुंबकीय लहरी ज्या वेगाने जातात त्याच्या) साधारण दहाव्या भागापर्यंत जातो.

आल्फवेन यांनी पुनर्जोडणीवर टीका केली, हे ऐतिहासिक सत्य आहे. क्षेत्र प्लाझ्माशी बांधलेले असते ही त्यांचीच कल्पना सरसकट लागू केली जाऊ नये, असा त्यांचा इशारा होता. मात्र पटलाच्या आत ती कल्पना लागू होत नाही, हेच तर पुनर्जोडणीचे मूळ विधान आहे. १९७०चे नोबेल मिळवणाऱ्या वैज्ञानिकाबद्दल आदर असावाच, परंतु निर्णय मोजमापाने होतो.

आणि मोजमाप झालेले आहे. प्रिन्स्टन येथील प्रयोगात १९९५पासून नियंत्रित प्लाझ्मात प्रवाहपटल तयार करून त्यातील क्षेत्र मोजले जाते. नासाने मार्च २०१५मध्ये सोडलेल्या मॅग्नेटोस्फेरिक मल्टिस्केल मोहिमेची चार याने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाखालील अवकाशाच्या, सीमेवर पुनर्जोडणीच्या केंद्रभागातून गेली. यानांमधले अंतर अवघे १० किलोमीटरच्या आसपास होते, आणि इलेक्ट्रॉनांचे वेगवितरण दर ३० मिलिसेकंदांनी नोंदले जात होते. त्या नोंदींत इलेक्ट्रॉनांचे चंद्रकोरीच्या आकाराचे वेगवितरण दिसले, तसेच विद्युतक्षेत्र आणि प्रवाह यांच्यामार्फत चुंबकीय ऊर्जा कणांकडे जातानाही मोजली गेली.