‘चाकरमान्यांचे उद्योग’ असं लिहिणाऱ्या वाचकाला

नमस्कार.

पावसाळ्यात गेम कन्सोल, कॅसेटी आणि कॉमिक्स कशी जपायची यावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही म्हणता, “हे सगळे चाकरमान्यांचे उद्योग. आमचा डब्बा टीव्ही समुद्रापासून दोनशे पावलांवर पंधरा वर्षं चालतोय. मशीन रोज चालू ठेवलं की गंजत नाही, डब्यात कोंडलं की सडतं.” त्यापुढे, माझ्या सांगण्याप्रमाणे ठेवलेली दोनशे ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे निळे दाणे) चार दिवसांत गुलाबी झाली, म्हणजे पाण्याने भरली, ही तक्रार. मग तांदळात ठेवण्याचा सल्ला, खर्चावरून टोमणा, आणि शेवटी “खेळण्यांसाठी एवढं?”

आधी पहिल्या शब्दाबद्दल. चाकरमानी ही आपल्याकडे शिवी नाही. अर्ध्या कोकणातल्या घरांची कौलं त्यांच्या पैशांवर दरवर्षी परतली जातात आणि गणपतीला घर भरतं ते त्यांच्यामुळेच. तुम्ही तो शब्द ज्या सुरात वापरलात तो मला खटकला आणि ते मी लपवत नाही. मी स्वतः चाकरमानी नाही. देवगड तालुक्यात बाराही महिने राहतो, घरापासून समुद्र चारशे मीटरसुद्धा नाही, आणि सतरा पावसाळे ही यंत्रं इथेच सांभाळतोय. हे एवढ्यासाठी सांगितलं की “इथे राहून बघा मग कळेल” हे वाक्य मला लागू पडत नाही. आणि लेख मुंबईत बसून लिहिला असता तरी मीठ जसं वागतं तसंच वागलं असतं.

आता मुद्दा. “रोज चालू ठेवलं की गंजत नाही.” हे वाक्य मी कोकणातल्या प्रत्येक दुसऱ्या दुकानात ऐकलंय. ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच त्याने जास्त नुकसान होतं.

स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघा. मे महिन्यात मीठ मोकळं असतं. जूनचा दुसरा आठवडा लागला की त्याचे खडे होतात आणि आषाढात बरणीच्या तळाला पाणी सुटतं. बरणीत कोणी पाणी घातलेलं नसतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता (हवा जितकी वाफ धरू शकते त्यातली किती टक्के तिच्यात आहे तो आकडा) साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. ७५ च्या खाली ते कोरडं राहतं. जून ते सप्टेंबर आपल्या घरांत आर्द्रता ऐंशीच्या खाली क्वचितच उतरते, पहाटे तर नव्वदच्या पुढे असते. पश्चिमेकडच्या खिडकीच्या गजावरून बोट फिरवा आणि जिभेला लावा, खारट लागेल. तेच मीठ पंख्याच्या वाऱ्याबरोबर कन्सोलच्या आत जातं आणि सर्किट बोर्डावर बसतं. बरणीत जे होतं तेच मग बोर्डावर होतं, फक्त थेंब डोळ्यांना दिसत नाही.

मशीन चालू असताना काय होतं? आतली हवा तापते. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल आणि पेटीच्या आत ३७ अंश झाले, तर तीच हवा आत जवळपास ५१ टक्के आर्द्रतेची होते. दहा अंशांना आर्द्रता निम्म्याच्या आसपास येते, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. म्हणजे चालू मशीन कोरडं असतं, इथवर तुमचं बरोबर. पण तुमचं मशीन रोज किती तास चालतं? दोन? तीन? उरलेले एकवीस-बावीस तास ते थंड पडलेलं असतं आणि आतलं मीठ पाणी ओढत बसलेलं असतं. शिवाय ते दोन तास पंख्याने नवीन खारी हवा आणि धूळ आत ओढलेली असते. ही धूळ हीटसिंकच्या, म्हणजे चिप गार ठेवणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते आणि ओल धरून ठेवते. मग तुम्ही संध्याकाळी बटण दाबता, तेव्हा त्या मिठाच्या पाण्यातून वीज जाते. नुसत्या ओलीने तांबं हळूहळू हिरवं पडतं. विजेचा दाब असलेल्या दोन पायांमध्ये, म्हणजे वीज नेणाऱ्या धातूच्या टोकांमध्ये, मिठाचं पाणी आलं की धातू एका पायावरून सुटून दुसऱ्याकडे सरकतो, बारीक केसांसारखे धागे वाढतात आणि एक दिवस ते दोन पाय जोडले जातात. बंद मशीनला जे व्हायला वर्षं लागतील ते चालू-बंद होणाऱ्या मशीनला एका पावसाळ्यात होऊ शकतं.

तुमचा टीव्ही मग का टिकला? पंधरा वर्षांपूर्वीचा आणि तुम्हीच त्याला “डब्बा” म्हणता, म्हणजे काचेच्या नळीचा. त्यात पंखा नसतो, त्यामुळे हवा जोराने आत ओढली जात नाही. आतल्या पट्ट्या जाड, सुटे भाग मोठे आणि एकमेकांपासून लांब. गरम तर तो इतका होतो की मांजर वर जाऊन झोपतं. तरीही पावसाळ्यात लावल्यावर पहिली काही मिनिटं मागून चर्र असा आवाज येतो का, ते ऐका. नळीच्या मागच्या रबरी टोपीपाशी वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि ओल्या धुळीतून ती वीज गळते, त्याचा तो आवाज. (मागचं झाकण मात्र उघडू नका. बंद टीव्हीच्या नळीतही तो भार राहतो.) आजच्या कन्सोलमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात दोन पायांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. तुमच्या टीव्हीचा दाखला त्यांना देणं म्हणजे होडी बुडाली नाही म्हणून मोबाइल पाण्यात टाकायला हरकत नाही, असं म्हणणं झालं.

याच ओघात सफाईबद्दलही लिहितो, कारण इथे जाणती माणसंही चुकतात. गंजलेला बोर्ड किंवा गेमच्या कॅसेटचे पाय लोक थेट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने (सफाईसाठी वापरायचं, चटकन उडणारं द्रव) पुसतात. चिकटा आणि तेल त्याने जातं, पण मीठ अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळतच नाही. ते नुसतं पसरतं. मिठाला पाणीच लागतं. म्हणून आधी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी कानाच्या काडीला लावून दोनदा पुसायचं, दर वेळी नवी काडी. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, त्यात स्वतःचे क्षार असतात. त्यानंतर ९९ टक्क्यांचं अल्कोहोल, ते पाण्याला सोबत घेऊन उडून जातं. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात ३० टक्के पाणीच असतं, ते या शेवटच्या हातासाठी कामाचं नाही. पंख्याखाली तासभर, मग बंद डब्यात जेलसोबत रात्रभर, आणि त्यानंतरच वीज. पाय काळे पडले असतील तर पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने घासा. शाईचा खरखरीत रबर सोन्याचा मुलामा खरवडून काढतो. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारायची नाही. फुंकरीत लाळेचे कण आणि ओल असते. गेम चालू होतो तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे पाय घासले जातात म्हणून.

“डब्यात कोंडलं की सडतं.” हो, जेल न घालता कोंडलं तर सडतंच. मी जेलशिवाय कोंडायला कुठे सांगितलं होतं? लेख नीट वाचला असता तर हे वाक्य लिहावंच लागलं नसतं.

आता तुमच्या गुलाबी जेलबद्दल. इथे एक गोष्ट मी मान्य करतो. वीस लिटरच्या डब्याला दोनशे ग्रॅम जेल, एवढंच मी लिहिलं. डब्यात काय ठेवू नये हे लिहायचं राहिलं. हिशेब असा. वीस लिटर ओल्या हवेत पाणी जेमतेम अर्धा ग्रॅम असतं. नुसत्या हवेसाठी पाच ग्रॅम जेलही पुष्कळ झाली. पाणी असतं ते पुठ्ठ्यात, कागदात आणि कापडात. पावसाळ्यातला एक किलो कागद कोरड्या हवेत आला की साठ-सत्तर ग्रॅम पाणी सहज सोडतो. दोनशे ग्रॅम जेल चाळीस टक्के आर्द्रतेच्या आसपास धरते साधारण चाळीस ग्रॅम. तुम्ही कन्सोल त्याच्या मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यासकट आत ठेवला असणार, सोबत माहितीपुस्तिका, कदाचित दोन-चार कॉमिक्सही. मग चार दिवसांत गुलाबी होणारच. दोष जेलचा नाही. पुठ्ठा बाहेर काढा. कागदाचा डबा वेगळा करा, तो मे महिन्यात, कागद आपोआप कोरडा असताना भरा, आणि त्यात किलोला दीडशे ग्रॅम जेल घाला.

डब्याचं झाकणही तपासून घ्या. रबरी कड नसलेला डबा दुकानदार काहीही म्हणो, हवाबंद नसतो. कागदाची पट्टी झाकणात धरून झाकण लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना ती सहज निसटता कामा नये.

रंगावर तर अजिबात विसंबू नका. नवी जेल कोरडी असताना वजन करून मार्करने डब्यावर लिहून ठेवा. ५०० ग्रॅमची ६०० झाली की ती भाजायला काढायची, एवढी साधी गोष्ट आहे. तवा नको. तव्यावर खालचे दाणे फार तापतात, तडतडून फुटतात आणि रंग देणारं रसायन जळून दाणे काळपट पडतात. छोट्या ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर, एका सेंटिमीटरपेक्षा जाड थर न करता, दोन तास. वजन मूळ आकड्यावर आलं की झालं, गार होईपर्यंत बाहेर उघडी ठेवायची नाही. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. त्यामुळे खाण्याच्या भांड्यात ती कधीच घेऊ नका, जमलं तर पांढरी किंवा नारंगी घ्या. आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० मध्ये असला की निश्चिंत.

स्वस्तातले मापक दहा टक्क्यांनी चुकतात, ते पारखायलाही मीठच उपयोगी पडतं. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ, त्यात भिजवलेल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी. बूच आणि मापक एका बंद पिशवीत दहा-बारा तास. आकडा ७५ यायला हवा. ८१ आला तर तुमचा मापक सहा जास्त दाखवतो, तेवढे वजा करत चला.

तांदूळ: त्यात स्वतःचंच बारा-चौदा टक्के पाणी असतं, वर पीठ आणि पोरकिडे. ॲपलनेही २०२४ मध्ये भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका असं सांगितलं.

खर्च: पांढरी जेल किलोने मिळते आणि पुन्हा पुन्हा भाजून वापरता येते. विजेवरचं ड्राय कॅबिनेट (आतली ओल काढत राहणारं कपाट) मी सुचवलं नाही त्याला कारण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले, आणि तेही ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. जेलला लाईट लागत नाही. कपाटात बल्ब लावण्याचा जुना उपाय उत्तम आहे, पण हल्लीचा झिरोचा बल्ब एलईडी असतो, त्याला ऊबच नसते. पंधरा वॅटचा तारेचा बल्ब मिळाला तर कपाट पाच अंश तापून नव्वदची आर्द्रता सत्तरच्या खाली येते. बल्बला कापड-कागद टेकणार नाही असं बघा.

आणि “खेळण्यांसाठी एवढं?” हो, खेळण्यांसाठी एवढं. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झाली आणि १९९० ला बंद पडली. गावातल्या पेटाऱ्यात जे अंक उरलेत त्यांच्या पिना आधी गंजतात, मग तो गंज मधलं पान खातो आणि पान सुटतं. या पिना मी बोथट सुरीने मागून उघडून काढतो आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवतो. ज्याला हे क्षुल्लक वाटतं त्याने करू नये. पण करणाऱ्याला हिणवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, हे मला खरंच कळलेलं नाही. फक्त मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या हवाबंद डब्यात ठेवू नका. त्यांच्यातलं तेलकट द्रव्य सुटून त्या चिकट होतात. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब घेऊन धुवायच्या, पुसायच्या आणि हवेशीर कपाटात उभ्या करायच्या.

तुमच्याकडची ती दोनशे ग्रॅम जेल फेकली नसेल तर आज तिचं वजन करा. २४० च्या आसपास भरली तर वरचा हिशेब तुमच्या हातात आहे. दोन तास भाजा, पुठ्ठा काढून टाका, पंधरा दिवसांनी पुन्हा वजन करा आणि दोन्ही आकडे इथे लिहा. या वेळी नाव लावून.